विश्लेषण : मानसोपचार फोनवर, पण रुग्णाची नोंद कुठे? बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात हा प्रश्न कळीचा का?

बुलढाणा जिल्ह्यातील कोणत्याही गावातून आज १४४१६ हा क्रमांक लावला, तर मानसिक त्रासाबद्दल मराठीत आणि मोफत बोलता येते. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. ती चोवीस तास आणि २० भाषांत चालते. शिवाय ‘ई-संजीवनी’वरून आरोग्य उपकेंद्रातला रुग्ण दूरच्या डॉक्टरशी व्हिडीओवर बोलू शकतो आणि खासगी मानसोपचारतज्ज्ञही फोनवर सल्ला देतात. पण फोन ठेवल्यानंतर काय? बोलण्यातले काय लिहून ठेवले जाते, ते कोण पाहू शकते, आणि पुढच्या वेळी दुसराच डॉक्टर समोर आला तर त्याला मागचे काही कळते का? दूरस्थ मानसोपचाराचे यश बऱ्याच अंशी या प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून आहे.

बुलढाण्यात दूरस्थ मानसोपचाराची गरज का?

२०११च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार आहे आणि पाचपैकी जवळपास चार जण ग्रामीण भागात राहतात. जिल्ह्यात १३ तालुके आहेत. सिंदखेडराजा, लोणार एका टोकाला, तर सातपुड्याच्या पायथ्याचे जळगाव जामोद आणि संग्रामपूर दुसऱ्या टोकाला. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. बुलढाणा शहरापासून नागपूर सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर आहे. जिल्हा रुग्णालयापर्यंत जायचे तरी सातपुड्याकडच्या गावातल्या माणसाचा पूर्ण दिवस आणि त्या दिवसाची मजुरी जाते.

२००६ मध्ये केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत योजना जाहीर केली, त्यात बुलढाणा होता. राज्य सरकारने २०१५ मध्ये १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ ही शेतकरी समुपदेशन सेवा सुरू केली, त्यातही बुलढाणा आहे. या प्रकल्पात आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन तणावाखालील व्यक्ती ओळखतात आणि त्यांना समुपदेशनाकडे वळवतात.

तज्ज्ञ मात्र मोजके आहेत. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यांचा अभ्यास झाला. त्यानुसार वेगवेगळ्या मानसिक विकारांमध्ये ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर होते. देशात लाखामागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पूर्ण येत नाही. हे प्रमाण ०.७५च्या आसपास सांगितले जाते. अशा ठिकाणी फोन आणि व्हिडीओ ही चैन उरत नाही, तो उपचाराचा मुख्य रस्ता होतो.

गावपातळीवर काम केल्यास फरक पडतो, हे शेजारच्या अमरावती जिल्ह्यात दिसले आहे. तेथील ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात नैराश्याने ग्रस्त लोकांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकायट्री’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गावातील प्रशिक्षित कार्यकर्ता, समुपदेशक आणि डॉक्टर अशी साखळी त्यात होती. साखळी आली की एकाने दुसऱ्याला माहिती देणे आले, आणि माहिती द्यायची तर नोंद हवी.

फोनवरील उपचारात नोंदीचे महत्त्व जास्त का?

हाड मोडले तर एक्स-रे असतो, मधुमेहात रक्तातील साखरेचा आकडा असतो. मानसोपचारात रुग्णाची हकीकत हाच मुख्य पुरावा असतो. समोर बसलेल्या रुग्णाची चाल, हाताची थरथर, कपड्यांची अवस्था, डोळ्यांतील भीती डॉक्टरला दिसते. फोनवर यातले बहुतेक हरवते. मग आधी कुणी काय पाहिले, काय विचारले आणि कोणते औषध दिले, हे लिहिलेले असणे जास्त गरजेचे होते.

दुसरे कारण म्हणजे बोलणारी व्यक्ती बदलते. टेलिमानसची रचना दोन स्तरांची आहे. पहिला फोन प्रशिक्षित समुपदेशक घेतो. गरज असल्यास रुग्णाला पुढे मानसोपचारतज्ज्ञ, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, वैद्यकीय महाविद्यालय किंवा ई-संजीवनीकडे पाठवले जाते. प्रत्येक टप्प्यावर रुग्णाला आपले दुःख पहिल्यापासून सांगावे लागले, तर तिसऱ्या वेळी तो फोनच करत नाही.

तिसरे कारण कायदेशीर आहे. २५ मार्च २०२० रोजी आलेल्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत ‘पहिला सल्ला’ आणि ‘पाठपुरावा’ यांत फरक केला आहे. त्याच डॉक्टरला गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष दाखवले असेल आणि त्याच आजारासाठी पुन्हा सल्ला हवा असेल, तर तो पाठपुरावा. मात्र आधीच्या उपचारांचा संदर्भ डॉक्टरला आठवत नसेल, तर तो पाठपुरावा मानला जात नाही. कोणती औषधे दुरून लिहून देता येतील, हे या फरकावर ठरते. काही औषधे पहिल्याच सल्ल्यात देता येतात, काही फक्त पाठपुराव्यात. शेड्यूल एक्समधील औषधे, उदाहरणार्थ मिथाइलफेनिडेट, दुरून लिहून देता येत नाहीत. थोडक्यात, दिवसाला पन्नास रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरला चार महिन्यांपूर्वीचा रुग्ण आठवतो तो नोंदीमुळेच. नोंद नसेल तर त्याचे हात बांधले जातात आणि रुग्णाची गोळी बंद पडते.

नोंद नसल्याने प्रत्यक्षात काय बिघडते?

लिथियमचे उदाहरण घेऊ. मनःस्थितीत टोकाचे चढउतार होणाऱ्या बायपोलर आजारात हे जुने आणि परिणामकारक औषध आहे. मात्र रक्तातील त्याचे प्रमाण मोजक्या मर्यादेतच ठेवावे लागते. त्यापेक्षा ते वाढले तर हात थरथरणे, उलट्या, तोल जाणे असा त्रास सुरू होतो आणि वेळेत लक्ष दिले नाही तर तो जिवावर बेतू शकतो. शरीरातील पाणी कमी झाले की लिथियमचे प्रमाण वाढते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही ते वाढू शकते.

आता समजा, मे महिन्याच्या उन्हात मोताळा तालुक्यातील एक शेतकरी शेताची मशागत करतो आहे. कंबर दुखते म्हणून तो दुकानातून वेदनाशामक गोळी घेतो. दोन दिवसांनी हात थरथरू लागतात. घरचे फोनवर डॉक्टरला सांगतात, ‘डोक्याची गोळी चालू आहे’. कोणती गोळी, किती, शेवटची रक्ततपासणी कधी, हे कुणालाच माहीत नाही. नवा डॉक्टर याला घबराट समजू शकतो. ‘लिथियम, मात्रा अमुक, शेवटची तपासणी मार्चमध्ये’ एवढी एक ओळ फोनमध्ये असती, तर त्याच क्षणी गोळी थांबवून रुग्णाला रुग्णालयात पाठवता आले असते.

क्लोझापीन सुरू असेल तर रक्तातील पांढऱ्या पेशींची नियमित तपासणी लागते. व्हॅलप्रोएट घेणाऱ्या तरुण स्त्रीला गर्भधारणेबद्दल विचारणे गरजेचे असते, कारण हे औषध गर्भाला अपाय करू शकते. हे प्रश्न विचारले गेले की नाही, हे पुढच्या डॉक्टरला नोंदीतूनच कळते.

उपचार मध्येच तुटण्याचे आणखी एक कारण याच जिल्ह्यात दिसते. पिंपळगाव सराईजवळचा सैलानी बाबांचा दर्गा राज्यभर आणि राज्याबाहेरही प्रसिद्ध आहे. मानसिक त्रास असलेल्या व्यक्तीला घेऊन अनेक कुटुंबे तेथे श्रद्धेने येतात आणि काही बराच काळ मुक्काम करतात. अशा मुक्कामात औषध सुटले, तर परतल्यावर आजार उलटतो आणि डॉक्टरला वाटते की गोळीच लागू पडली नाही. ‘तीन आठवडे औषध घेतले नाही, मुक्कामी होते’ ही ओळ कुठलाही शेरा न मारता लिहिली गेली, तर विनाकारण मात्रा वाढवली जात नाही. डॉक्टर श्रद्धेची टिंगल करेल अशी भीती असली की घरचे ही माहिती लपवतात. म्हणून नोंद घेणाऱ्याची भाषा हीसुद्धा उपचाराचा भाग आहे.

नोंदीत नेमके काय असावे?

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ खालील २०१८च्या नियमांत बाह्यरुग्ण, आंतररुग्ण आणि गावपातळीवरील सेवा यांसाठी ‘मूलभूत वैद्यकीय नोंदी’ची संकल्पना आहे. टेलिमेडिसिन सूचनांनुसार डॉक्टरने फोन, संदेश किंवा व्हिडीओ संवादाचा लॉग, वापरलेले अहवाल आणि लिहून दिलेल्या औषधांची नोंद जपायची असते. हे सारे एकत्र केले, तर दूरस्थ मानसोपचाराच्या चांगल्या नोंदीत साधारण पुढील गोष्टी येतात :

• तारीख, वेळ आणि माध्यम : ऑडिओ, व्हिडीओ की फक्त संदेश. फक्त आवाजावर काढलेला निष्कर्ष आणि व्हिडीओवर पाहून काढलेला निष्कर्ष यांचे वजन सारखे नसते.

• ओळख आणि संमती : रुग्णाने स्वतः फोन केला असेल तर त्याची संमती गृहीत धरली जाते. आरोग्य कर्मचारी, नातेवाईक किंवा डॉक्टरने पुढाकार घेतला असेल तर स्पष्ट संमती घेऊन ती नोंदवावी लागते.

• रुग्ण या क्षणी कुठे आहे : घरी, शेतात की बसस्थानकावर. संकट ओढवले तर मदत कुठे पाठवायची, हे यावर ठरते. जवळच्या एका विश्वासू व्यक्तीचा क्रमांकही सुरुवातीलाच घेतला जातो.

• बोलताना आणखी कोण हजर होते : सासू शेजारी बसलेली असताना सुनेने दिलेले उत्तर आणि एकटीने दिलेले उत्तर वेगळे असू शकते. कोरकू किंवा बंजारा बोलणाऱ्या रुग्णासाठी कुणी दुभाषा असेल तर तेही लिहावे.

• त्रास रुग्णाच्या शब्दांत : ‘जीव घाबरते’, ‘मन लागत नाही’ असे वऱ्हाडीत सांगितलेले तसेच लिहावे. थेट ‘नैराश्य’ किंवा ‘चिंता’ असा शिक्का मारला की मूळ माहिती पुसली जाते. निदान त्यापुढे वेगळे लिहिता येते.

• जिवाला धोका आहे का : हा प्रश्न विचारला आणि उत्तर काय आले, हे प्रत्येक वेळी लिहावे. घरातील कीटकनाशके कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवण्यावर काय ठरले, हेही.

• औषधाचे नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख, दुष्परिणाम आणि बाकी तपासण्या.

• पुढे काय : पुढचा फोन कधी, कोण करणार आणि रुग्ण बोलला नाही तर काय करायचे.

यातली शेवटची ओळ सर्वांत जास्त विसरली जाते. प्रत्यक्ष ओपीडीत न आलेला रुग्ण निदान रिकाम्या खुर्चीवरून जाणवतो. फोनवर न आलेला रुग्ण कुणालाच जाणवत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या मूळ मनुष्यबळ आराखड्यात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि परिचारिकांबरोबर रुग्णनोंदी सांभाळणाऱ्या सहायकाचेही पद आहे, ते याचसाठी. सुटलेला रुग्ण शोधणे हे नोंदवहीचे पहिले काम आहे.

काय लिहू नये?

जितके जास्त लिहू तितके चांगले, असे नाही. फिनलंडमधील ‘वास्तामो’ या मानसोपचार केंद्रांच्या साखळीचे प्रकरण याचा धडा आहे. हॅकरने चोरलेल्या माहितीचे प्रकरण ऑक्टोबर २०२०मध्ये उघड झाले. सुमारे ३३ हजार रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्या होत्या आणि त्यांत सत्रांमध्ये रुग्णांनी सांगितलेल्या खासगी गोष्टी होत्या. आधी कंपनीकडे आणि नंतर थेट रुग्णांकडे खंडणी मागितली गेली. कंपनी २०२१मध्ये दिवाळखोरीत गेली. दोषी हॅकरला एप्रिल २०२४मध्ये सहा वर्षांहून अधिक तुरुंगवासाची शिक्षा झाली. पासवर्ड बदलता येतो, एकदा फुटलेले गुपित परत आत ठेवता येत नाही.

भारतातही नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला आणि अनेक दिवस कामकाज कागदावर चालवावे लागले. नोंदी चोरीला जाणे जितके वाईट, तितकेच ऐनवेळी त्या न उघडणेही वाईट.

म्हणून अनेक देशांत दोन प्रकारच्या टिपणांत फरक केला जातो. अमेरिकेच्या आरोग्य माहिती कायद्यात समुपदेशकाची सत्रातील वैयक्तिक टिपणे वेगळी ठेवली तर त्यांना मुख्य वैद्यकीय नोंदीपेक्षा जास्त संरक्षण मिळते. निदान, औषधे, धोका, पुढची तारीख मुख्य नोंदीत. नात्यांतील तपशील, जुने आघात, तिसऱ्या व्यक्तींची नावे त्यात नकोत. एक साधी कसोटी लावता येते : ही ओळ नसेल तर पुढच्या डॉक्टरचा निर्णय बदलेल का? नसेल बदलणार, तर ती लिहायची गरज नाही. ‘घरातील हिंसेमुळे झोप नाही, सध्या बहिणीकडे सुरक्षित’ एवढे पुरते. कोण, कधी, कसे याचे वर्णन पुढच्या डॉक्टरला लागत नाही, गावाला मात्र चघळायला पुरते.

संभाषणाचे पूर्ण रेकॉर्डिंग म्हणजेही नोंद नव्हे. चाळीस मिनिटांची ध्वनिफीत पुढचा डॉक्टर ऐकणार नाही, आणि ती फुटली तर नुकसान सर्वाधिक. रुग्णाला विचारल्याशिवाय रेकॉर्डिंग करू नये. संभाषणाचा सारांश आपोआप लिहिणाऱ्या एआय साधनांनाही हेच लागू होते : आवाज कुठल्या सर्व्हरवर जातो आणि किती दिवस राहतो, हे आधी रुग्णाला सांगायला हवे.

घरात एकच फोन असेल तर?

शहरात गोपनीयता म्हणजे पासवर्ड, गावात ती म्हणजे फोन कुणाच्या हातात आहे हा प्रश्न. सूचनांनुसार डॉक्टर सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो किंवा ई-प्रिस्क्रिप्शन ईमेलवर किंवा मेसेजिंग अॅपवर पाठवू शकतो. तो फोटो घरातील सामायिक फोनच्या गॅलरीत आपोआप उतरतो आणि मुलगा खेळ खेळताना तो सर्वांना दिसतो. आशा कार्यकर्तीने ‘तुमचा मानसिक आरोग्याचा फोन आला नाही’ असे ओसरीवर विचारले, तरी गोपनीयता तेथेच संपते.

उपाय साधे आहेत. ‘या क्रमांकावर परत फोन केला तर चालेल का, कोणत्या वेळी, आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगायचे?’ हे तीन प्रश्न पहिल्याच फोनमध्ये विचारून नोंदवावेत. चिठ्ठी कागदावर हवी की फोनवर, हे रुग्णाने ठरवावे. रुग्णाची स्पष्ट संमती असेल तर डॉक्टर ती थेट औषध दुकानाकडेही पाठवू शकतो. आरोग्य कर्मचाऱ्यांनी रुग्णांची माहिती गटांच्या चॅटमध्ये टाकणे, नाव झाकून का होईना, टाळायलाच हवे. छोट्या गावात ‘३२ वर्षे, स्त्री, दोन मुली’ एवढ्यावरही ओळख पटते.

नेटवर्क नसलेल्या गावात डिजिटल नोंद कशी टिकते?

सातपुड्याच्या पायथ्याच्या अनेक वस्त्यांत नेटवर्क बेभरवशाचे आहे. तेथे नोंदीचे अॅप इंटरनेटशिवाय चालणारे आणि रेंज आली की माहिती वर पाठवणारे हवे. इथे एक तांत्रिक अडचण येते. आशा कार्यकर्तीने सकाळी ‘औषध बंद केले’ असे लिहिले आणि परिचारिकेने दुपारी दुसऱ्या फोनवर ‘औषध चालू’ असे लिहिले. संध्याकाळी दोन्ही फोन जोडले गेले, तर खरे कोणते? शेवटी आलेली नोंद आधीची पुसून टाकत असेल, तर चूक कायमची बसते. बँकेच्या पासबुकात जुनी नोंद खोडत नाहीत, खाली नवी ओळ येते. वैद्यकीय नोंदही तशीच हवी : दोन्ही नोंदी, वेळ आणि लिहिणाऱ्याच्या नावासह दिसाव्यात आणि दुरुस्ती नव्या ओळीत व्हावी.

तितकेच महत्त्वाचे म्हणजे कोणी, कधी नोंद उघडली याचा आपोआप राहणारा हिशेब. औषधवाटप करणाऱ्याला औषधाचे नाव दिसले पाहिजे, सत्रातील टिपण नव्हे. फोन हरवला तर त्यातील माहिती कुलूपबंद राहिली पाहिजे.

सप्टेंबर २०२१पासून देशभर राबवल्या जाणाऱ्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये १४ अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो. या रचनेत सगळ्या नोंदी एकाच ठिकाणी साठवायच्या नसतात. नोंद ज्या रुग्णालयात तयार झाली तेथेच राहते आणि रुग्णाच्या संमतीने, ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीपुरती दुसऱ्या डॉक्टरला दिसते. आभा ऐच्छिक आहे. बुलढाण्यात २०२४मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथील तज्ज्ञ, जिल्हा रुग्णालय आणि उपकेंद्रे भविष्यात अशा रचनेने जोडली गेली, तर संग्रामपूरच्या रुग्णाला फाइल पिशवीत घेऊन फिरावे लागणार नाही. मात्र ‘आभा’ जोडायचे की नाही आणि मानसोपचाराची नोंद दातांच्या डॉक्टरला दिसावी की नाही, हे रुग्णाला समजेल अशा भाषेत विचारले गेले, तरच त्या संमतीला अर्थ आहे.

कायदा रुग्णाला कोणते हक्क देतो?

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७च्या कलम २३ नुसार रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे. माहिती नामनिर्देशित प्रतिनिधीला, उपचारासाठी इतर तज्ज्ञांना, कुणाच्या जिवाला धोका असल्यास किंवा मंडळ वा उच्च न्यायालयाच्या आदेशानुसारच देता येते. दुसऱ्याला धोका असेल तेव्हाही तो टाळण्यापुरतीच माहिती द्यायची असते. कलम २४ हेच संरक्षण डिजिटल स्वरूपातील माहितीलाही देते.

कलम २५ नुसार रुग्णाला स्वतःची वैद्यकीय नोंद पाहण्याचा हक्क आहे. एखादी माहिती उघड केल्याने रुग्णाला गंभीर मानसिक हानी किंवा इतरांना इजा होण्याची शक्यता असेल, तरच डॉक्टर तेवढी माहिती राखून ठेवू शकतो. तसे केले तर रुग्णाला मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येते. २०१८च्या नियमांनुसार अर्ज केल्यावर १५ दिवसांत मूलभूत नोंद द्यावी लागते. डॉक्टरांच्या २००२च्या आचारसंहितेत तर मागणीनंतर ७२ तासांची मुदत आहे. कायद्याच्या पहिल्या उल्लंघनासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण अधिनियम २०२३ खालील नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. त्यातील बहुतेक जबाबदाऱ्या १८ महिन्यांनंतर लागू होणार आहेत. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र २०११च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत मानसिक आरोग्याची माहिती ‘संवेदनशील’ म्हणून वेगळी काढली होती. नव्या कायद्यात अशी वेगळी वर्गवारी नाही.

नोंद रुग्णाच्या विरोधात वापरली जाऊ शकते का?

अनेक कुटुंबे ‘कागदावर नाव नको’ म्हणतात, ते याच भीतीने. मुलीचे लग्न, शेतीच्या वाटणीचा वाद, नोकरी. ही भीती अगदी निराधार नाही. हिंदू विवाह कायद्यात गंभीर मानसिक विकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे आणि न्यायालयात वैद्यकीय कागद मागवले जातात. पण कायद्याची दुसरी बाजू कमी लोकांना माहीत असते. २०१७च्या अधिनियमाच्या कलम ३ नुसार पूर्वी उपचार घेतले होते, एवढ्यावरून आज व्यक्ती आजारी आहे असे ठरवता येत नाही. मानसिक आजार असल्याचे निदान झाले, तरी सक्षम न्यायालयाने ठरवल्याशिवाय ती व्यक्ती ‘विकल मनाची’ ठरत नाही.

नोंद नेटकी असेल तर ती रुग्णाच्या बाजूने उभी राहते. ‘प्रसूतीनंतरचे नैराश्य, आठ महिने उपचार, पूर्ण बरी, औषध बंद’ असा कागद बदनामी थांबवतो. अर्धवट चिठ्ठी आणि ऐकीव गोष्टीच जास्त घात करतात.

रुग्ण आणि कुटुंबाने काय करावे?

• प्रत्येक सल्ल्यानंतर औषधाचे नाव, मात्रा आणि पुढची तारीख लिहून मागा. ‘पांढरी गोळी’ पुरेशी नाही.

• चिठ्ठ्या आणि रक्ततपासण्या तारखेनुसार एका फाइलमध्ये किंवा कुलूप असलेल्या फोल्डरमध्ये ठेवा. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा फोटोही उपयोगी पडतो.

• फोन करताना आपण कुठे आहोत आणि शेजारी कोण आहे, हे मोकळेपणाने सांगा. व्हिडीओ नको असेल तर तसे सांगा.

• औषध सुटले असेल तर लपवू नका. सुटलेले दिवस सांगितले तरच मात्रा योग्य ठरते.

• आपल्या वतीने कोण बोलेल, हे साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून ठरवता येते. कायद्यात त्यालाच नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात.

• नोंद कोण पाहू शकते, किती काळ ठेवली जाते आणि प्रत कशी मिळेल, हे विचारा. हा प्रश्न विचारणे हा अविश्वास नाही, तो हक्क आहे.

मानसिक त्रास होत असेल किंवा जवळच्या कुणाबद्दल काळजी वाटत असेल, तर टेलिमानसचे १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ हे क्रमांक चोवीस तास सुरू असतात. तातडीच्या वैद्यकीय मदतीसाठी १०८ वर फोन करावा.